अर्थव्यवस्था मंदावली की मंदीत गेली?

प्रश्न थोडक्यात असा: ‘मंदी’ या शब्दाचा अर्थशास्त्रातला नेमका अर्थ काय? विकासदर सातावरून पाचावर आला तरी बातमीत मंदी, शेअर बाजार आपटला तरी मंदी, एखाद्या उद्योगात कामगारकपात झाली तरी मंदीच. मग ‘सलग दोन तिमाह्या’ असा जो नियम सांगतात तो कुठे बसतो? आणि महामंदी कशाला म्हणायचे?

आर्थिक आकडेवारी वाचून ती मराठी वाचकासाठी मांडणे हा माझा बऱ्याच वर्षांचा व्यवसाय आहे. आधी सरळ उत्तर देतो. अर्थशास्त्राच्या भाषेत मंदी म्हणजे देशाच्या एकूण आर्थिक उलाढालीचा आकार घटणे. ही घट एखाद्याच क्षेत्रापुरती असून चालत नाही, ती सर्वदूर पसरलेली हवी आणि काही महिने टिकलेली हवी. नुसता वाढीचा वेग कमी झाला तर ती मंदी नव्हे. त्यासाठी मराठीत ‘मंदावणे’ हे नेमके क्रियापद आहे. दोन्ही शब्द ‘मंद’वरूनच आलेले, म्हणून घोटाळा होतो. पण ‘अर्थव्यवस्था मंदावली’ हे विधान वेगाविषयी आहे आणि ‘अर्थव्यवस्था मंदीत गेली’ हे आकाराविषयी. जीडीपी, म्हणजे देशात ठरावीक काळात झालेले एकूण उत्पादन, १०० वरून १०७ होण्याऐवजी १०४ झाला तर अर्थव्यवस्था मंदावली. १०० वरून ९७ वर आला तर आकुंचन झाले, आणि ते पसरले, टिकले तर मंदी.

हा फरक शब्दच्छल वाटत असेल तर २०१९ चा नोव्हेंबर आठवा. जुलै ते सप्टेंबर २०१९ या तिमाहीचा भारताचा विकासदर पहिल्या अंदाजात ४.५ टक्के निघाला. त्याच आठवड्यात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी राज्यसभेत सांगितले होते की वाढीचा वेग कमी झाला असेल, पण ही मंदी नाही. त्यावरून बराच गदारोळ झाला. व्याख्येने पाहिले तर विधान बरोबर होते, कारण साडेचार टक्क्यांनी का होईना, आकार वाढतच होता. पण मंदी आहे असे म्हणणारेही हवेत बोलत नव्हते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रवासी वाहनांची विक्री आदल्या ऑगस्टपेक्षा ३१ टक्क्यांहून अधिक घटली होती. वाहनउद्योगात आणि त्याला सुटे भाग पुरवणाऱ्यांत मंदी होती, यात शंका नाही. ‘वाहनउद्योगात मंदी’ हे बरोबर आणि ‘देशात मंदी’ हे चूक, असा तो प्रसंग होता. ‘मंदी’ हा शब्द दिसला की मी पहिल्यांदा बघतो तो त्याच्या आधीचा शब्द: कशात मंदी?

आता गंमत अशी की मराठीत हा शब्द अर्थशास्त्राच्या पुस्तकांच्या कितीतरी आधीपासून बाजारात आहे, आणि तिथे त्याचे अर्थ निराळे आहेत. एक अर्थ भावाचा. ‘सोन्यात मंदी आहे’ म्हणजे सोन्याचे भाव उतरलेत. त्याच्या उलट तेजी. सट्टेबाजारातले तेजीवाले आणि मंदीवाले याच अर्थाचे. दुसरा अर्थ उठावाचा, म्हणजे मालाच्या खपाचा. माल पडून आहे, गिऱ्हाईक नाही, उधारी वसूल होत नाही, याला व्यापारी मंदी म्हणतो. देशाच्या जीडीपीशी त्याला काही देणेघेणे नसते. तिसरा अर्थ आकुंचनाचा, म्हणजे वर सांगितलेला. वाद बहुतेक वेळा असा होतो की एक जण दुसऱ्या अर्थाने बोलत असतो आणि दुसरा तिसऱ्या अर्थाने त्याला खोडून काढतो.

दुसरा आणि तिसरा अर्थ किती वेगळे आहेत ते आपल्याच इतिहासात दिसते. स्वातंत्र्यानंतर भारताचा जीडीपी ज्या वर्षांत प्रत्यक्ष घटला ती मोजकी आहेत: १९५७-५८, १९६५-६६, १९७२-७३, १९७९-८० आणि २०२०-२१. यातल्या १९७२-७३ ला महाराष्ट्रात कुणी मंदी म्हणते का? तो बहात्तरचा दुष्काळ. १९७९-८० मध्ये अर्थव्यवस्था ५.२ टक्क्यांनी आकसली, पण लोकांच्या आठवणीत राहिला तो कोरडा पावसाळा आणि तेलाचा भडका. २०२०-२१ ची ओळख टाळेबंदी. उलट ज्या वर्षाला आपण सर्रास ‘२००८ ची मंदी’ म्हणतो, त्या काळात भारताचा जीडीपी एकदाही वार्षिक घटला नाही. वाढीचा वेग मात्र चांगलाच उतरला, निर्यात आटली आणि माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात नोकऱ्यांची ददात झाली.

यात लोकांची चूक आहे असे मला वाटत नाही. बोलीभाषेने एक बारकावा जपला आहे. माल आहे पण घेणारा नाही, तेव्हा मंदी. घेणारा आहे पण पिकलेच नाही, तेव्हा दुष्काळ. अर्थशास्त्रज्ञ याला मागणीचा धक्का आणि पुरवठ्याचा धक्का म्हणतात. जीडीपीच्या आकड्याला हा फरक कळत नाही, तो दोन्हीकडे सारखाच उणे दिसतो. उपाय मात्र वेगळे असतात. मागणी आटली असेल तर व्याजदर उतरवणे, सरकारी खर्च वाढवणे याचा उपयोग होतो. धान्यच नसेल तर लोकांच्या हातात नुसता पैसा देऊन भाव तेवढे चढतात.

मागणीतून येणारी मंदी कशी सरकते ते कारखान्याच्या हिशेबात स्पष्ट दिसते. पहिल्यांदा नव्या ऑर्डरी कमी होतात. उत्पादन लगेच थांबत नाही, म्हणून तयार मालाचा साठा चढतो. मग ओव्हरटाइम बंद होतो, नंतर एक पाळी कमी होते, कंत्राटी कामगारांना सांगितले जाते की बोलावू तेव्हा या. कायम नोकऱ्यांना हात सगळ्यात शेवटी लागतो. दरम्यान कच्चा माल पुरवणाऱ्याची बिले लांबलेली असतात, त्यामुळे तोही खर्च आवरतो. एकाचा खर्च हेच दुसऱ्याचे उत्पन्न असल्यामुळे प्रत्येकाने शहाणपणाने हात आखडला तरी सगळ्यांचेच उत्पन्न घटते. या साखळीमुळेच व्याख्येत ‘सर्वदूर’ आणि ‘टिकून’ हे शब्द आहेत. साखळी एका क्षेत्रात तुटली तर ती त्या क्षेत्राची अडचण, इतरांना ओढत नेली तर मंदी.

आता सलग दोन तिमाह्यांचा नियम. तो कुठल्या कायद्यात नाही. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाचे आयुक्त ज्युलियस शिस्किन यांनी १९७४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये एक लेख लिहिला. मंदी ओळखण्यासाठी त्यांनी उत्पादन, नोकऱ्या, बेकारी, घसरण किती उद्योगांत पसरली आहे, असे बरेच निकष दिले होते. त्यातला एक, सलग दोन तिमाह्या उत्पादनात घट, एवढाच लोकांच्या लक्षात राहिला, कारण तो सोपा होता. बाकीचे गळून पडले. आज युरोपातली आणि आपल्याकडची बरीच वृत्तपत्रे याला ‘तांत्रिक मंदी’ म्हणतात. शब्द चांगला आहे. ‘तांत्रिक’ म्हटल्याने वाचकाला कळते की हा एका मोजपट्टीचा निकाल आहे.

अमेरिकेत मात्र मंदीच्या तारखा ठरवते ती नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च या खासगी संशोधन संस्थेची समिती. ती घसरणीची खोली, पसारा आणि कालावधी असे तिन्ही पाहते. म्हणून २००१ मध्ये मार्च ते नोव्हेंबर मंदी होती असे तिने ठरवले, जरी आजच्या सुधारित आकड्यांत त्या वर्षी सलग दोन तिमाह्या उणे नाहीत. २०२० मध्ये फेब्रुवारी ते एप्रिल अशी अवघ्या दोन महिन्यांची मंदी तिने मान्य केली, कारण कालावधी छोटा असला तरी खोली आणि पसारा अभूतपूर्व होता. आणि २०२२ मध्ये पहिल्या दोन्ही तिमाह्यांचे प्रथम अंदाज उणे आले, तरी समितीने मंदी जाहीर केली नाही. बेकारी साडेतीन टक्क्यांच्या आसपास, नोकऱ्या दरमहा वाढत होत्या. भारतात मंदीच्या तारखा अधिकृतपणे ठरवणारी अशी समिती नाही, त्यामुळे आपल्याकडे तांत्रिक मंदीचाच आधार घेतला जातो.

आणि इथेच खरी मेख आहे, जी बातम्यांत जवळजवळ कधीच सांगितली जात नाही: घट कशाच्या तुलनेत? भारताचा तिमाही विकासदर आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी तुलना करून सांगितला जातो. युरोपात आधीच्या तिमाहीशी तुलना करतात, हंगामी चढउतार काढून टाकून. अमेरिका आधीच्या तिमाहीशी तुलना करते आणि तो वेग वर्षभर राहिला तर किती होईल असा वार्षिक दर सांगते. २०२० च्या एप्रिल ते जून तिमाहीचे आकडे आले तेव्हा याचा पुरता खेळखंडोबा झाला. भारत उणे २३.९ टक्के, ब्रिटन उणे २०.४, अमेरिका उणे ३२.९, असे तिन्ही आकडे शेजारी शेजारी छापले गेले आणि अमेरिकेची अवस्था सर्वांत वाईट ठरवली गेली. प्रत्यक्षात अमेरिकेचे उत्पादन त्या तिमाहीत साडेनऊ टक्क्यांनी घटले होते. तोच वेग चार तिमाह्या चालू राहिला तर वर्षाला ३२.९ होतो, इतकेच. तिन्ही आकडे खरे होते, पण एका रांगेत बसवण्यासारखे नव्हते.

भारताच्या पुढच्या तिमाहीचा आकडा आला उणे ७.५ टक्के, आणि देश तांत्रिक मंदीत गेला असे मथळे झळकले. आता हिशेब मांडून पाहू. सोयीसाठी धरा की २०१९ च्या दोन्ही तिमाह्यांत उत्पादन १०० होते. २०२० च्या एप्रिल ते जूनमध्ये ते सुमारे ७६ झाले आणि जुलै ते सप्टेंबरमध्ये ९२.५. वर्षाच्या तुलनेत दोन्ही तिमाह्या उणे, म्हणून तांत्रिक मंदी. पण ७६ वरून ९२.५ म्हणजे आधीच्या तिमाहीपेक्षा जवळपास २२ टक्के वाढ. ज्या तिमाहीने मंदीवर शिक्कामोर्तब केले त्याच तिमाहीत अर्थव्यवस्था तळातून वर येत होती. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. ‘उत्पादन अजून गेल्या वर्षीच्या पातळीखाली आहे’ असे लिहिले असते तर कुणाचाच गैरसमज झाला नसता.

रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर २०२० च्या बुलेटिनमधल्या एका लेखात, सरकारी आकडे येण्याआधीच, भारत इतिहासात प्रथमच तांत्रिक मंदीत गेल्याचा अंदाज मांडला होता. तो ‘इतिहासात प्रथमच’ही जरा जपून वाचावा. तिमाही आकडे आपल्याकडे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासूनच प्रसिद्ध होतात. १९७९-८० मध्ये सलग दोन तिमाह्या उणे होत्या का हे विचारायला तेव्हाच्या तिमाह्याच उपलब्ध नाहीत.

शिवाय आकडे बदलतात. ब्रिटनमध्ये २०१२ साली ‘दुहेरी मंदी’, म्हणजे एकीतून सावरता सावरता लगेच दुसरी, आल्याच्या बातम्या जगभर गाजल्या, त्यावर निवडणुकीची भाषणे झाली. जून २०१३ मध्ये तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने सुधारित आकडे दिले तेव्हा त्यातली एक तिमाही उणे नसून जागच्या जागी असल्याचे निघाले आणि ती मंदी कागदावरून पुसली गेली. जपानचेही २०२४ च्या सुरुवातीला तेच झाले: फेब्रुवारीत तांत्रिक मंदी जाहीर, मार्चच्या सुधारणेत आदली तिमाही किंचित वाढीची. दशांशाच्या फरकावर टांगलेल्या मंदीला मथळ्यात ‘मंदी’ म्हणू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ‘पहिल्या अंदाजानुसार’ एवढे दोन शब्द जोडले तरी पुरे.

शेअर बाजाराचे थोडक्यात उरकतो, कारण तिथला शब्द भावाच्या अर्थाचा आहे आणि त्या अर्थाने तो बरोबरच आहे. फक्त तो अर्थव्यवस्थेवर चिकटवू नये. १९ ऑक्टोबर १९८७ ला अमेरिकेचा डाऊ जोन्स हा शेअर निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के कोसळला, मंदी आली नाही. अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएल्सन यांनी १९६६ मध्येच टोला मारला होता की बाजाराने गेल्या पाच मंद्यांपैकी नऊ आधीच सांगितल्या. उलट उदाहरण आपलेच: २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स २६ हजारांच्या खाली बंद झाला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याने ५० हजारांचा आकडा ओलांडला. ज्या आर्थिक वर्षात देशाचे उत्पादन घटले त्याच वर्षात बाजारात तेजी.

(वर ‘मंद्या’ असे अनेकवचन लिहिले खरे, पण ते कानाला खटकते. ‘मंदीचे कालखंड’ किंवा ‘मंदीचे फेरे’ बरे.)

महामंदीसाठी कुठलीही ठरलेली सीमारेषा नाही. इंग्रजीत पूर्वी प्रत्येक पडझडीला ‘डिप्रेशन’ म्हणत. १९३० च्या दशकानंतर तो शब्द इतका भयंकर झाला की साध्या घसरणीसाठी ‘रिसेशन’ रूढ झाला. मराठीत मात्र १९२९ नंतरचीही महामंदी आणि २००८ ची पडझडही महामंदी, असे दोन्हीकडे एकच नाव लागले आहे. आकडे पाहा. १९२९ ते १९३३ ही घसरण अमेरिकेत ४३ महिने चालली, उत्पादन चतुर्थांशाहून अधिक घटले आणि १९३३ मध्ये चारांतला एक कामगार बेकार होता. २००७ ते २००९ ची घसरण १८ महिन्यांची, उत्पादनातली घट सुमारे ४ टक्के. दुसरी गंभीर होती, पण पहिलीच्या पंगतीत बसत नाही. मी ‘महामंदी’ १९३० च्या दशकासाठी राखून ठेवतो आणि २००८ साठी ‘जागतिक मंदी’ लिहितो. १९३० च्या दशकानंतर ‘महामंदी’ हा शब्द शोभेल असा देश म्हणजे ग्रीस. २००८ नंतरच्या काही वर्षांत त्याची अर्थव्यवस्था सुमारे एक चतुर्थांशाने आकसली.

१९३० च्या दशकात बाजारातले आणि पुस्तकातले सगळे अर्थ एकत्र आले होते: भाव पडले, उठाव गेला, उत्पादन आटले. भारतात शेतमालाचे भाव जवळपास निम्म्यावर आले, शेतसारा आणि कर्जाचे हप्ते मात्र तेवढेच राहिले. शेतकऱ्यांनी घरातले सोने विकले आणि १९३१ पासून ते मोठ्या प्रमाणावर देशाबाहेर गेले. तेव्हापासून मंदी म्हटले की स्वस्ताई हे समीकरण डोक्यात बसले असावे. पण ते नेहमी जुळत नाही. १९७३-७४ मध्ये कच्च्या तेलाचे भाव चौपट झाले तेव्हा पाश्चात्त्य देशांत मंदी आणि महागाई हातात हात घालून आल्या. ‘मंदी आहे तर भाव का उतरत नाहीत?’ हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. भाव प्रत्यक्षात उतरत जाणे ही वेगळी घटना. तिला चलनघट म्हणतात आणि ती मंदीशिवायही असू शकते.

‘जागतिक मंदी’ लिहितानाही जपावे. लोकसंख्या वाढत असल्याने जगाचे एकूण उत्पादन क्वचितच घटते. म्हणून अभ्यासक दरडोई उत्पादन पाहतात, आणि त्या हिशेबाने अलीकडच्या काळातली जागतिक मंदीची वर्षे १९७५, १९८२, १९९१, २००९ आणि २०२० ही पाच. दर दोन-तीन वर्षांनी ‘जग मंदीच्या उंबरठ्यावर’ असा मथळा येतो, पण उंबरठा ओलांडला जातो तो इतक्या कमी वेळा.

लिहिताना उपयोगी पडणारे काही शब्द. ‘मंदीसदृश स्थिती’ हा आपल्या वृत्तपत्रांचा लाडका शब्द. मला तो आवडत नाही, कारण तो वेग, उठाव आणि आकार या तिन्हींना एकाच गोधडीखाली घालतो. मागणी कमी असेल तर ‘मागणीत मरगळ’ लिहावे. ‘मंदीचे सावट’ भविष्याविषयी असेल तरच वापरावे. मंदी आल्यावर सावट उरत नाही. ‘उणे वाढ’ हा शब्द तक्त्यात ठीक, वाक्यात ‘घट’ म्हणावे. आणि विकासदर ७ वरून ५ वर आला तर तो दोन टक्क्यांनी घटला असे लिहू नये, दोन टक्केबिंदूंनी घटला असे लिहावे. नाहीतर वाचक समजतो की उत्पादनच दोन टक्क्यांनी कमी झाले, आणि तिथून मंदीचा गैरसमज सुरू होतो.

राहिला एक प्रश्न, जो तुम्ही विचारला नाही पण पुढे येणारच: मंदी संपली असे कधी म्हणायचे? अर्थशास्त्रात मंदी संपते ती तळ गाठला त्या क्षणी, पूर्वीची पातळी पुन्हा आली तेव्हा नव्हे. अमेरिकेतली मंदी जून २००९ मध्ये संपली असे त्या समितीने सप्टेंबर २०१० मध्ये जाहीर केले. बेकारीचा दर मात्र मंदी संपल्यानंतर चार महिन्यांनी, ऑक्टोबर २००९ मध्ये, १० टक्क्यांवर पोचला होता आणि नोकऱ्यांची संख्या मंदीपूर्व पातळीवर यायला २०१४ उजाडले. नोकरी गेलेल्या माणसाला २००९ च्या हिवाळ्यात ‘मंदी संपली’ म्हणणे व्याख्येने बरोबर, पण त्याच्या हिशेबाने थट्टाच. म्हणून त्या टप्प्यासाठी मी ‘घसरण थांबली’ असे लिहितो आणि ‘अर्थव्यवस्था सावरली’ हे शब्द उत्पादन आणि रोजगार दोन्ही जुन्या पातळीवर येईपर्यंत वापरत नाही.